घरी हळदीचं मलम बनवताय? मग ते कुठे लावायचं नाही, हेही समजून घ्या

इन्स्टाग्राम उघडा, 'होममेड बाम' असं शोधा आणि अर्धा तास गेला म्हणून समजा. मंद गाण्यावर कुणीतरी तेल गरम करतंय, त्यात हळद पडतेय, मग मेण, मग ते सोनेरी मिश्रण काचेच्या छोट्या बरणीत ओतलं जातंय. शेवटी कॅप्शन येतं, 'आजीचा बटवा. कोणतीही जखम, एकच उपाय.'

अशाच एका रीलवरून दोन वर्षांपूर्वी मीही मलम केलं. ते छान जमलं, म्हणून दिवाळीत फराळाच्या डब्यासोबत सगळ्या नातेवाइकांना एकेक डबी दिली. तीन-चार महिन्यांनी गावाहून काकांचा फोन आला, "तुझं ते पिवळं मलम अजून आहे का गं? माझं संपलं." मला भारी वाटलं. इतकं कशाला लावलं, हे विचारायचं मात्र सुचलं नाही.

काकांना बारा वर्षांपासून मधुमेह आहे. नवीन चप्पल लागून त्यांच्या पायाच्या करंगळीला जखम झाली होती. दुखत नव्हती, म्हणून ते रोज आंघोळीनंतर तिच्यावर माझं मलम थापत होते. तीन आठवड्यांनी काकूला वास आला, तेव्हा ती त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. करंगळी काढावी लागली.

माझ्या मलमाने जखम चिघळवली, असं डॉक्टर म्हणाले नाहीत. ते एवढंच म्हणाले, "तीन आठवडे ती कुणालाच दिसली नाही." हळदीच्या पिवळ्या थराखाली लाली दिसली नव्हती, पूही दिसला नव्हता.

मी आजही मलम बनवते. पण ते नेमकं काय करतं आणि काय करत नाही, हे आता मला माहीत आहे. तेच सांगण्यासाठी हा लेख आहे. कृतीही देणार आहे, पण आधी थोडं समजून घेऊ.

मलम म्हणजे नक्की काय?

मलम हा शब्द 'मरहम'वरून आला. वस्तू मात्र अगदी साधी आहे. तेल आणि मेण एकत्र वितळवून थंड केलं की मलम तयार होतं. आयुर्वेदात यालाच 'सिक्थ तैल' म्हणतात. सिक्थ म्हणजे मधमाश्यांचं मेण. ते आणि तिळाचं तेल, इतकाच तो मूळ पाया. हळद, कडुनिंब वगैरे सगळं त्यात नंतर येतं.

मलमात पाणी नसतं, ही गोष्ट लक्षात ठेवा. क्रीममध्ये पाणी असतं, म्हणून ती टिकवायला कंपन्यांना प्रिझर्व्हेटिव्ह घालावं लागतं. मलमात पाणी नसल्यामुळे जंतूंना आणि बुरशीला वाढायला जागाच मिळत नाही. घरी केलेलं मलम प्रिझर्व्हेटिव्हशिवाय काही महिने टिकतं, ते यामुळेच.

म्हणूनच रीलमध्ये कुणी तेलात कोरफडीचा ताजा गर किंवा तुळशीचा ओला पाला घालताना दिसलं, की तो व्हिडिओ पुढे ढकला. ओल्या पाल्यासोबत पाणी येतं आणि पाण्यासोबत बुरशी. माझी पहिली बरणी अशीच वाया गेली. जुलै महिना होता, तुळशीची पानं नुसती पुसून घातली होती. बाराव्या दिवशी झाकणाच्या आतल्या बाजूला राखाडी ठिपके आले होते.

जखम मलमाने भरते का?

नाही. जखम शरीर स्वतःच भरून काढतं. मलमाचं काम त्या जागेला कोरडं पडू न देणं, एवढंच असतं.

"जखम उघडी ठेव, हवा लागू दे, खपली धरू दे," हे आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलंय. पण १९६२ साली ब्रिटनमधल्या जॉर्ज विंटर या संशोधकाने 'नेचर' या नियतकालिकात एक प्रयोग मांडला. डुकराच्या त्वचेवरच्या काही वरवरच्या जखमा त्याने उघड्या ठेवल्या आणि काही प्लास्टिकच्या पातळ फिल्मने झाकल्या. झाकलेल्या, ओलसर राहिलेल्या जखमांवर नवी त्वचा जवळपास दुप्पट वेगाने आली. कारण सोपं आहे. नव्या पेशींना जखमेच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरकत जावं लागतं. वाट ओलसर असेल तर त्या सरळ सरकतात. वर वाळलेली खपली असेल तर त्यांना तिच्या खालून वाट काढावी लागते.

तेल-मेणाचा पातळ थर हेच झाकणाचं काम करतो. साधी पेट्रोलियम जेलीही तेच करते. १९९६ मध्ये अमेरिकेत त्वचेच्या छोट्या शस्त्रक्रिया झालेल्या ९०० हून अधिक रुग्णांवर एक चाचणी झाली. काहींना अँटिबायोटिक मलम दिलं, काहींना नुसती पांढरी पेट्रोलियम जेली. जंतुसंसर्गाच्या प्रमाणात दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. स्वच्छ आणि छोट्या जखमेला ओलावा आणि झाकण मिळालं, की पुढचं काम शरीर बघून घेतं.

मग हळदीचं काय?

हळदीबद्दल आपण हळवे आहोत, आणि त्याला कारणही आहे. १९९५ मध्ये अमेरिकेत जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळालं. आपल्या सीएसआयआरने, म्हणजे डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, त्याला आव्हान दिलं. संस्कृत ग्रंथांपासून १९५३ सालच्या एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकातल्या लेखापर्यंतचे पुरावे सादर झाले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं.

या विजयाचा अर्थ मात्र अनेकदा चुकीचा लावला जातो. हळद जखमेवर लावायची पद्धत भारतात फार जुनी आहे, हे त्या लढाईत सिद्ध झालं. हळदीने जखम किती लवकर भरते, हा त्या खटल्याचा प्रश्नच नव्हता.

हळदीतल्या करक्युमिनमध्ये सूज कमी करण्याचे आणि काही जंतूंना रोखण्याचे गुण प्रयोगशाळेत दिसले आहेत. प्राण्यांवरच्या प्रयोगांतही आशादायक निकाल आहेत. पण माणसांच्या रोजच्या खरचटण्यावर घरगुती हळदीचं मलम लावून केलेल्या मोठ्या चाचण्या फार थोड्या आहेत. त्यामुळे हळद घाला, तिचा उपयोग होऊ शकतो, पण तिच्यावर भार टाकू नका. मुख्य काम तेल-मेणाचंच आहे.

आणखी एक. स्वयंपाकघरातली हळद पूड निर्जंतुक नसते आणि सुट्या हळदीत रंगाची भेसळ सापडते. त्यामुळे कोरडी हळद थेट जखमेत भरणं चुकीचंच. मलमासाठी हळकुंड आणून घरी कुटलेलं बरं.

साहित्य

- तिळाचं किंवा खोबरेल तेल : १०० ग्रॅम
- हळकुंडाची पूड : १ लहान चमचा
- कडुनिंबाची पूर्ण वाळलेली पानं : १ मूठ
- मधमाश्यांचं मेण : २० ते २५ ग्रॅम

तेल हेच दोन का? खोबरेल लवकर खवट होत नाही आणि तिळाच्या तेलात ते टिकवणारे नैसर्गिक घटक असतात. शेंगदाणा किंवा सूर्यफूल तेल त्यामानाने लवकर वास मारतं.

कडुनिंबाची पानं सावलीत इतकी वाळवा की चुरगाळल्यावर कुरकुरीत आवाज येऊन त्यांचा चुरा झाला पाहिजे. वाकली तर ती अजून ओली आहेत. हे काम चैत्र-वैशाखात उरकून ठेवा. पावसाळ्यात पानं वाळत नाहीत, फक्त सुकल्यासारखी दिसतात.

मेण घेताना वास घ्या. मधमाश्यांच्या मेणाला मधाचा हलका वास असतो. वास अजिबात नसलेली पांढरीशुभ्र वडी बऱ्याचदा मेणबत्तीचं पॅराफिन असते. ओळखीचे मध उत्पादक असतील तर त्यांच्याकडेच विचारा.

कृती

१. काचेच्या किंवा स्टीलच्या छोट्या डब्या साबणाने धुवा, दहा मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवा आणि उन्हात पूर्ण कोरड्या करा. चमचा, गाळणं, फडकं सगळं कोरडं हवं.

२. पातेल्यात तीन बोटं पाणी उकळत ठेवा. त्यात स्टीलचं वाडगं ठेवून तेल, हळद आणि पानांचा चुरा घाला. तेल थेट गॅसवर ठेवू नका. हळद करपते आणि पुढे मेण घातल्यावर भडका उडू शकतो.

३. मंद आचेवर दीड-दोन तास ठेवा. खालचं पाणी आटलं तर घाला, पण वाडग्यात एक थेंबही उडू देऊ नका. करक्युमिन तेलात विरघळतं, त्यामुळे तेल हळूहळू गडद पिवळं होईल.

४. चार पदरी मलमलच्या फडक्यातून गाळा आणि तासभर स्थिर ठेवा. तळाला बसलेला गाळ मागे ठेवून वरचं तेल अलगद ओतून घ्या.

५. आता तेलाचं पुन्हा वजन करा. ही पायरी रीलमध्ये कधीच नसते. फडकं आणि पाला बरंच तेल पिऊन टाकतात. उरलेल्या तेलाच्या पाचव्या ते चौथ्या हिश्श्याइतकं मेण घ्या. म्हणजे तेल ८० ग्रॅम भरलं तर मेण १६ ते २० ग्रॅम. उन्हाळ्यात, त्यातही विदर्भ-मराठवाड्यात राहत असाल तर २० घ्या.

६. तेल आणि किसलेलं मेण त्याच उकळत्या पाण्यावर पुन्हा गरम करा. मेण साधारण ६२ ते ६४ अंश सेल्सियसला वितळतं. पूर्ण विरघळलं की गॅस बंद करा.

७. एक थेंब थंड चमच्यावर टाकून दोन मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा. बोटाने दाबून बघा. फार कडक असेल तर थोडं तेल घाला, पातळ असेल तर चिमूटभर मेण. ओतून झाल्यावर दुरुस्ती करत बसण्यापेक्षा हे सोपं.

८. डब्यांत ओता आणि वर फडकं टाकून पूर्ण थंड होऊ द्या. गरम असताना झाकण लावलं तर आत वाफेचं पाणी जमतं आणि सगळी मेहनत वाया जाते.

९. डबीवर तारीख लिहा. सहा महिन्यांत संपवा. खवट वास आला, ठिपके दिसले, रंग विचित्र झाला, तर फेकून द्या.

मेणाची भांडी गरम असतानाच जुन्या कागदाने पुसून घ्या. सिंकमध्ये ओतलंत तर मेण पाइपात जाऊन गोठेल आणि प्लंबर बोलवावा लागेल.

लावायचं कसं?

पहिल्यांदा वापरणार असाल तर कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून दोन दिवस बघा. 'नैसर्गिक' वस्तूची ॲलर्जी होत नाही, हा गैरसमज आहे. हळदीचीही होते.

खरचटलं तर आधी वाहत्या पाण्याखाली धरा, आजूबाजूला साबण लावा, माती-खडे काढा. रक्त येत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरा. ते थांबल्यावर, हात धुऊन, मलमाचा अगदी पातळ थर द्या. त्याखालची कातडी दिसली पाहिजे. रोज पुसून, धुऊन, नीट पाहूनच नवा थर द्यायचा. जुन्यावर नवा थापत जायचा नाही. डबीत ओलं बोट घालायचं नाही.

टाचेच्या भेगा, फुटलेले ओठ, कोरडी कातडी, भांडी घासून खरखरीत झालेले हात, हलकं खरचटणं. या मलमाची हद्द इथे संपते.

कुठे लावायचं नाही?

भाजल्यावर. ताज्या भाजलेल्या जागेवर तूप, तेल, मलम, टूथपेस्ट काहीच नाही. साधं, वाहतं, गार पाणी वीस मिनिटं. कातडीत अडकलेली उष्णता बाहेर जायला हवी, मलम ती आत कोंडून ठेवतं. मोठा फोड आला, चेहरा, हात किंवा सांधा भाजला, तर दवाखाना गाठा.

कुत्रा, मांजर, माकड चावल्यावर किंवा ओरखडल्यावर. हळद, मिरची, चुना, तेल, मलम, काहीही नाही. साबण आणि वाहत्या पाण्याने सलग पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि त्याच दिवशी रेबीजची लस घ्यायला जायचं. रक्त आलं असेल तर लसीसोबत इम्युनोग्लोब्युलिनही लागतं. रेबीजची लक्षणं सुरू झाल्यावर माणूस जवळपास कधीच वाचत नाही. इथे घरगुती उपायात घालवलेला दिवस परत मिळत नाही.

खोल जखमेत. खिळा घुसला, विळा लागला, काच आत गेली, तर वरून मलम लावून तोंड बंद करू नका. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतात आणि हवा न पोहोचणाऱ्या जागीच ते वाढतात. शेतात काम करताना कापलं तर दगडी पाल्याचा रस चोळायची पद्धत गावोगाव आहे. पण पाल्यासोबत बांधावरची मातीही जखमेत जाते. आधी धुणं आणि लस बघणं महत्त्वाचं. ज्याला आपण अजून 'टीटी' म्हणतो, त्याऐवजी आता 'टीडी' लस मिळते. ती आणि धनुर्वात एवढंच नाही, तर घटसर्पालाही रोखते. घाणेरडी जखम असेल आणि शेवटचा डोस घेऊन पाच वर्षं झाली असतील, तर डॉक्टरांना विचारा.

बाळाच्या नाळेवर. हळद, तूप, राख, मलम, काहीही नाही. नाळ कोरडी आणि स्वच्छ ठेवायची. भारतातून नवजात बाळांमधला धनुर्वात सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून २०१५ मध्ये हटला. त्यामागे लसीकरण आहे, दवाखान्यातली बाळंतपणं आहेत आणि नाळेला काही न लावण्याची सवयही आहे.

मधुमेह असेल तर पायावर. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे. म्हणजे तुमच्या घरात किंवा शेजारी कुणीतरी आहेच. साखर बरीच वर्षं वाढलेली राहिली, की पायाच्या नसा बधिर होतात आणि रक्तपुरवठा कमी होतो. जखम दुखत नाही, म्हणून ती किरकोळ वाटते. मधुमेह असलेल्या माणसाच्या पायाची कोणतीही जखम किरकोळ नसते. चपलेचा फोड असो नाहीतर टाचेची खोल भेग, पहिल्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायची.

आणि जखम कुणाचीही असो, लाली पसरत चालली, सूज आणि ठणका वाढला, पू आला, ताप भरला किंवा जखमेपासून वर लाल रेघ जाताना दिसली, तर मलम पुसून थेट दवाखान्यात जा.

विकायचं असेल तर?

घरात वापरायला, कुणाला सहज द्यायला मलम करणं ठीक आहे. पण 'जखम बरी करतं' असं लिहून ते इन्स्टाग्रामवर किंवा बचत गटाच्या स्टॉलवर विकायचं असेल, तर औषधे आणि सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० लागू होतो. आयुर्वेदिक औषध बनवून विकायला परवाना लागतो, सौंदर्यप्रसाधन म्हणून बनवून विकायचं तरी लागतो. आजीची कृती आहे म्हणून सूट मिळत नाही.

शेवटचं एक

गेल्या दिवाळीत मी पुन्हा डब्या भरल्या. द्याव्यात की नाही, ठरत नव्हतं. मग काकूलाच विचारलं. ती म्हणाली, "अगं, दे की. माझ्या टाचा त्यानेच बऱ्या राहतात. फक्त या वेळी त्यावर नीट लिही."

म्हणून आता झाकणावर तारखेखाली मार्करने दोन ओळी असतात. 'भेगा, ओठ, खरचटणं. साखर असेल तर पायाला नाही.'

तुम्ही मलम बनवलंत, तर कृतीसोबत या दोन ओळीही लिहा. डबी कुणाच्या हातात जाईल, हे आपल्याला माहीत नसतं.